शंभर विशेषणं पाठ, तरी फ्रेंचमध्ये वडिलांविषयी पाच वाक्यं का येत नाहीत?

सांगलीहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. फ्रेंच सुरू करून तीन महिने झाले, आठवड्यातून दोन ऑनलाइन तास, स्वभाव सांगणारी शंभरेक विशेषणं पाठ आहेत. तरी ‘वडिलांविषयी पाच वाक्यं बोला’ म्हटलं की ‘जाँती’ (प्रेमळ) आणि ‘सँपा’ (ज्याच्याशी लगेच जमतं असा) यापुढे गाडी जात नाही. गृहपाठातल्या तीन वाक्यांवर लाल रेघ आली: ‘मों पेर सों जाँती’ (माझे वडील प्रेमळ आहेत), ‘मा सर ए बों’ (माझी बहीण चांगली आहे) आणि ‘मों फ्रेर ए साँसिब्ल’ (माझा भाऊ समजूतदार आहे). तर आणखी किती शब्द पाठ करावे लागतील?

एकही नाही. उलट आहेत त्यातले सत्तर तूर्त बाजूला ठेवा. अडचण शब्दसंख्येची नाही. शब्द सुटे पाठ झालेत, तेही एकाच रूपात, बहुतेक पुल्लिंगी. शब्द ज्यात बसवायचा तो वाक्याचा साचा तोंडात बसलेला नाही. आणि विशेषण बोलून झाल्यावर पुढे काय म्हणायचं ते ठरलेलं नाही, म्हणून दोन वाक्यांत विषय संपतो. तुमच्या तीन चुकाही तीन वेगळ्या ठिकाणांहून आल्यात. पहिली मराठीतून, दुसरी अर्धी लिंगामुळे आणि अर्धी शब्दाच्या निवडीमुळे, तिसरी इंग्रजीतून. एकेक घेऊ.

किती खोलात शिरायचं हे तुम्ही फ्रेंच कशासाठी शिकताय यावर ठरतं. देल्फची, म्हणजे फ्रेंचच्या अधिकृत प्रमाणपत्राची, ए-वन ही पहिल्या पातळीची परीक्षा द्यायची असेल (पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये ती होते), तर चार भाग, प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी नकोत. तिथे लेखनात ४० शब्दांचा छोटा मजकूर असतो आणि तोंडी परीक्षेत स्वतःविषयी, घरच्यांविषयी साधे प्रश्न. त्याला दोन डझन विशेषणं भरपूर होतात. ए-टूला, म्हणजे पुढच्या पातळीला, एका विषयावर दोनेक मिनिटं सलग बोलावं लागतं, आणि ‘तुमच्या मित्राविषयी सांगा’ हा तिथला नेहमीचा विषय. तिथे मात्र विशेषणाला पुरावा जोडता आला पाहिजे. फ्रेंच कंपनीतल्या लोकांशी बोलायचं असेल तर यादीपेक्षा सौम्यपणे कसं बोलायचं ते जास्त उपयोगी. ते पुढे येईलच.

एक खुलासा. इथे मी सगळं देवनागरीत लिहितेय कारण तुमची पहिली अडचण कानाची आणि तोंडाची आहे. वहीत मात्र फ्रेंच अक्षरांतच लिहा. चंद्रबिंदू किंवा वरचा टिंब म्हणजे स्वर नाकातून काढायचा, ‘न’ किंवा ‘म’ म्हणायचा नाही. ‘झ’ म्हणजे ‘जाड’मधला दंती ज, आणि ‘ज’ म्हणजे ‘जीव’मधला, पण जीभ टाळूला न टेकवता. ‘सेर्यो’सारख्या शब्दांतला शेवटचा ‘ओ’ खरा ओ नाही: ओठ ‘ओ’साठी गोल करा आणि आत ‘ए’ म्हणा. ‘यु’साठी ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची. देवनागरी यापुढे मदत करू शकत नाही, ते ऐकूनच यायचं.

आता पहिली लाल रेघ: ‘मों पेर सों जाँती’. ‘सों’ हे अनेकवचनी क्रियापद आहे. मोठ्या माणसाविषयी बोलताना आपण आपोआप अनेकवचनात जातो: बाबा आले, गुरुजी कडक आहेत, सासूबाई रागावल्या. फ्रेंचमध्ये तिसऱ्या माणसाला असा मान देत नाहीत. वडील एक, म्हणून क्रियापद एकवचनी: ‘मों पेर ए जाँती’. मराठी कानाला ते ‘बाप प्रेमळ आहे’सारखं उद्धट वाटतं, पण तिथे त्यात काही उणं नाही. ‘सों’ लागेल ते ‘मे पाराँ सों जाँती’ म्हणताना, म्हणजे आईवडील दोघे असतील तेव्हा. ‘वडील’साठी ‘ते’ म्हणतो म्हणून अनेकवचनी सर्वनाम लावणं ही याच चुकीची धाकटी बहीण. एका माणसाला ‘ईल’, एका बाईला ‘एल’, मग ते गावचे सरपंच असोत की नातू.

फ्रेंचचा आदर फक्त समोरासमोर असतो, ‘व्हू’मध्ये, म्हणजे ‘तुम्ही’मध्ये. समोरच्या बाईंना ‘तुम्ही फार चांगल्या आहात’ म्हणायचं तर ‘व्हु-झेत त्रे जाँतीय, मादाम’. इथे क्रियापद अनेकवचनी आहे, पण विशेषण एकाच बाईचं, म्हणून लिहिताना त्याला अनेकवचनाचा एस लावायचा नाही. मराठीत ‘चांगल्या’ होतं, तिथे होत नाही. लेखनात यावर हमखास गुण जातात.

लिंगाचं मात्र मराठी माणसाला भ्यायचं कारण नाही. इंग्रजीवरून येणाऱ्याला विशेषण बदलतं हेच नवीन असतं. आपण मात्र वेंधळा, वेंधळी, वेंधळं हे बोलता बोलता बदलतो, आणि हुशार, शांत, प्रामाणिक यांना हातही लावत नाही. फ्रेंचमध्येही बदलणारी आणि न बदलणारी अशा दोन जाती आहेत. बाई स्वतःविषयी ‘मी वेंधळी आहे’ म्हणते तसंच फ्रेंच बाई स्वतःला स्त्रीलिंगी रूप लावते. फरक एवढाच की नपुंसकलिंग नाही. त्यामुळे मुलगे-मुली मिसळून असतील तर आपल्या ‘ती मुलं खोडकर’सारखी सोय तिथे नाही, सरळ पुल्लिंगी अनेकवचन घ्यायचं. वर्गात एकोणीस मुली आणि एक मुलगा असला तरी.

आता जी गोष्ट मी पहिल्या तासापासून करून घेते ती: स्त्रीलिंगी रूप आधी पाठ करा. पुस्तकं उलटं देतात, आधी पुल्लिंगी आणि कंसात एक ई. त्याने डोळ्याला नियम कळतो, तोंडाला नाही. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा मुकं असतं. त्यापुढे ई आली की ते बोलू लागतं. म्हणजे स्त्रीलिंगी रूपात सगळे आवाज असतात आणि पुल्लिंगीत शेवटचा आवाज गळतो. पास्याँत (सोशिक, धीराची) मधला त गाळला की पास्याँ. अँतेलिजाँत – अँतेलिजाँ. बाव्हार्द (बडबडी) – बाव्हार. दिस्त्रेत (वेंधळी) – दिस्त्रे. मेशाँत (दुष्ट) – मेशाँ. सेर्योझ (गंभीर) – सेर्यो. जेनेरोझ (उदार) – जेनेरो. पारेसोझ (आळशी) – पारेसो. जालूझ (मत्सरी) – जालू. दूस (मऊ स्वभावाची) – दू. फ्राँश (स्पष्टवक्ती) – फ्राँ. स्त्रीलिंगीवरून पुल्लिंगी काढता येतं, पण नुसत्या ‘बाव्हार’वरून पुढे त यायचा की द हे कानाला कळायला मार्ग नाही. म्हणून दिशा महत्त्वाची.

या युक्तीत न बसणारे थोडे राहतात. ‘आक्तीव्ह’चं पुल्लिंगी ‘आक्तीफ’, ‘नाईव्ह’चं ‘नाईफ’: इथे व्ह जाऊन फ येतो. ‘त्राव्हायोझ’ (कष्टाळू) चं ‘त्राव्हायर’, आणि ‘माँतोझ’ (खोटारडी) चं ‘माँतर’. ‘जाँतीय’चं ‘जाँती’. ‘रिगोलोत’ (गमत्या स्वभावाची) चं ‘रिगोलो’. ‘फॉल’ (वेडी) चं ‘फू’. ‘मालीञ’ (चलाख, शेवटी ‘ज्ञ’मधला नाकातला ञ) चं ‘मालँ’. हे सुटे पाठ करा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि मग ‘हुशार’च्या जातीचे, ज्यांना हात लावायचा नाही: तिमिद (लाजाळू), काल्म, द्रोल (विनोदी), ऑनेत (प्रामाणिक, आरंभीचा एच मुका), सेव्हेर (कडक), मोदेस्त, सोस्याब्ल (मनमिळाऊ), रेस्पोंसाब्ल, एगोईस्त (स्वार्थी), ऑप्तिमिस्त. नवशिक्याने तोंडी परीक्षेला यांच्यातलेच सात-आठ घेऊन जावेत असं मी स्पष्ट सांगते. घाबरल्यावर लिंग चुकतं, पण ‘तिमिद’ चुकायला जागाच नाही. तेत्यु (हट्टी), पोली (नम्र), रेझेर्व्हे (मितभाषी) हे बोलताना तसेच राहतात, पण लिहिताना स्त्रीलिंगाला ई लागते. तोंडी सुरक्षित, लेखी नाही. ‘सँपा’ दोन्ही लिंगांना तोच. अनेकवचनात फक्त एक मुका एस.

दुसरी रेघ: ‘मा सर ए बों’. लिंग दुरुस्त करून ‘मा सर ए बॉन’ केलंत तर व्याकरण बरोबर होईल आणि अर्थ बिघडेल. बोलीभाषेत बाईला ‘बॉन’ म्हणणं ही तिच्या शरीरावरची अश्लील शेरेबाजी आहे. बहिणीविषयी तर नकोच. मराठीतला ‘चांगला’ हा शब्द आंब्यापासून माणसापर्यंत सगळीकडे चालतो, फ्रेंचमधला ‘बों’ चालत नाही. तो जेवणाला, पुस्तकाला, किंवा ‘गणितात चांगला’ अशा अर्थी ठेवा. माणसाच्या चांगुलपणाला ‘जाँती’ किंवा मग हा साचा: ‘से केल्कँ द ब्यँ’, म्हणजे ‘तो/ती चांगला माणूस आहे’. पुरुष, बाई, कुणालाही लागतो.

साच्यांकडेच येऊ, कारण तुमचं बोलणं अडतं ते इथे. चार पुरेत. पहिला ‘ईल ए’ / ‘एल ए’ आणि पुढे विशेषण: एल ए तिमिद. दुसरा ‘से-तँ’ / ‘से-त्युन’ आणि पुढे नाम व विशेषण: से-तँ गार्सों तिमिद, ‘लाजाळू मुलगा आहे’. नाम आलं आणि त्याला अँ किंवा युन (‘एक’) लागलं की ‘ईल ए’ सोडून ‘से’वर यायचं, ‘ईल ए-तँ गार्सों’ ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. उलट फक्त व्यवसाय सांगताना अँ-युन गळतं: ‘ईल ए मेदसँ’, डॉक्टर आहे. पण ‘चांगला डॉक्टर आहे’ म्हटलं की परत ‘से-तँ बों मेदसँ’.

तिसरा आणि चौथा साचा एकत्र शिका, कारण ते एकमेकांच्या अगदी उलट वागतात. ‘से-त्युन पेर्सॉन...’ म्हणजे ‘व्यक्ती’. मराठीतही व्यक्ती स्त्रीलिंगी, नाही का? ‘तुमचे काका ही एक उदार व्यक्ती आहे.’ तसंच तिथेही: काकांविषयी बोलत असलात तरी ‘से-त्युन पेर्सॉन जेनेरोझ’, विशेषण स्त्रीलिंगी. याउलट ‘से केल्कँ द...’ या साच्यात विशेषण नेहमी पुल्लिंगी, आजीविषयी बोलत असलात तरी ‘से केल्कँ द जेनेरो’. अर्थ दोन्हींचा जवळपास तोच. एकात लिंग कायम स्त्री, दुसऱ्यात कायम पुरुष, समोर कोण आहे याचा संबंध नाही. हे दोन साचे म्हणजे नवशिक्याच्या हातातली काठी: लिंगाची शंका आली की ‘केल्कँ द’ म्हणा आणि पुल्लिंगी रूप ठेवून द्या. परीक्षकाला ते उलट थोडं वरच्या पायरीचं वाटतं. फक्त पेर्सॉन आणि पेर्सोनाज यांत गल्लत करू नका. पेर्सोनाज म्हणजे नाटकातलं पात्र, आणि माणसाला ‘से-तँ पेर्सोनाज!’ म्हटलं तर ‘वल्ली आहे!’

विशेषण नामाच्या मागे की पुढे? स्वभावाची विशेषणं बहुतेक नामाच्या नंतर येतात, एवढं धरून चाला. जागा बदलली की अर्थ बदलतो असे मोजके आहेत: ‘अँ-नॉम ब्राव्ह’ म्हणजे शूर माणूस, पण ‘अँ ब्राव्ह ऑम’ म्हणजे सरळमार्गी, भला माणूस. ‘अँ-नॉम पोव्ह्र’ पैशाने गरीब, ‘अँ पोव्ह्र ऑम’ बिचारा. ‘अँ-नॉम ग्राँ’ उंच, ‘अँ ग्राँ-तॉम’ थोर. मराठीतला ‘गरीब स्वभावाचा’ मात्र या दोन्हींत बसत नाही. त्याला ‘दू’, स्त्रीलिंगी ‘दूस’.

तिसरी रेघ, ‘साँसिब्ल’. शब्द दिसायला इंग्रजी ‘सेन्सिबल’ आहे म्हणून तुम्ही समजूतदार घेतलंत. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हळवा, मनाला लावून घेणारा. समजूतदार म्हणजे ‘रेझोनाब्ल’. दुसऱ्याचं मन समजून घेणारा या अर्थी ‘कोंप्रेआँसीफ’, स्त्रीलिंगी ‘कोंप्रेआँसीव्ह’, ज्याचा इंग्रजी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’शी संबंध नाही. असे फसवे शब्द स्वभावाच्या यादीत फार आहेत, कारण आपण सगळे फ्रेंच इंग्रजीच्या पुलावरून शिकतो. ‘सँपातिक’ (ज्याचं छोटं रूप तुमचं सँपा) म्हणजे सहानुभूती असलेला नव्हे, तर ज्याच्याशी लगेच जमतं असा. ‘काँदिद’ म्हणजे मोकळेपणाने बोलणारा नव्हे, भाबडा. ‘व्हेर्साटील’ तर बायोडेटात घात करतो: इंग्रजीत ‘अनेक कामं येणारा’, फ्रेंचमध्ये ‘आज एक उद्या एक, धरसोड वृत्तीचा’. तिथे ‘पोलिव्हालाँ’ लिहा. उत्साही आहे म्हणताना ‘एक्सिते’ टाळा, त्याला लैंगिक अर्थ चिकटतो, ‘दिनामिक’ बरा.

या सगळ्यांत मराठी माणसाला सर्वांत जास्त फसवणारा शब्द ‘काराक्तेर’. आपल्याकडे ‘कॅरेक्टर’ म्हटलं की चारित्र्य. ‘ईल आ मोव्हे काराक्तेर’ ऐकून माणूस वाईट चालीचा वाटतो, पण त्याचा अर्थ फक्त ‘तिरसट आहे, लवकर बिनसतं’. ‘एल आ द्यु काराक्तेर’ म्हणजे ‘ती खंबीर आहे, कुणाचं ऐकून घेणारी नाही’, बहुतेक वेळा कौतुक. चारित्र्याचा तिथे मागमूस नाही.

आता तुमची खरी गरज. आपल्या डोक्यात स्वभाव मराठीत असतो: खडूस, चिक्कू, आगाऊ, रांगडा. शब्दकोशात यांना एक शब्द शोधत बसलात की वाक्य थांबतं. मी तीन पायऱ्या सांगते. शब्द असेल तर घ्या: चिक्कूला ‘रादँ’ (स्त्रीलिंगी रादीन), प्रेमळला ‘आफेक्त्युओ’ (आफेक्त्युओझ), हट्टीला ‘तेत्यु’, टापटिपीला ‘ऑर्दॉने’. शब्द नसेल तर उलट विशेषणाला ‘पा त्रे’ (फारसा नाही) लावा: खडूस म्हणजे ‘पा त्रे सँपा’, माणूसघाणा म्हणजे ‘पा त्रे सोस्याब्ल’. तेही जमत नसेल तर दोन विशेषणं ‘मे’ने, म्हणजे ‘पण’ने, जोडा. आपल्या भागातला ‘रांगडा’ असाच सांगावा लागतो: ‘ईल ए अँ पो ब्र्युस्क, मे ईल आ बों कर’, जरा रोखठोक आहे, पण मनाचा चांगला. शब्दकोशातला ‘र्युस्तिक’ घेऊ नका, तो घराच्या सजावटीला जास्त शोभतो. ‘भोळा’साठी ‘नाईफ’ घेताना सावध राहा. मराठीत भोळेपणात माया असते, फ्रेंच ‘नाईफ’मध्ये ‘याला कुणीही गंडवेल’ हा टोमणा असतो. साधा, बडेजाव नसलेला म्हणायचं तर ‘से केल्कँ द सँप्ल’ हे छान वाक्य आहे.

तापट माणसासाठी तर फ्रेंच भाषा आपल्या स्वयंपाकघरातच येते. ‘ईल ए सूप ओ ले’, शब्दशः ‘तो दुधाचं सूप आहे’: क्षणात उतू जाणारा. लिंग बदललं तरी हा शब्दप्रयोग तसाच राहतो. कामचुकाराला ‘ईल आ अँ प्वाल दाँ ला मँ’, तळहातावर केस उगवलाय त्याच्या (हात कधी घासलाच नाही ना). बडबड्याला ‘बाव्हार कॉम युन पी’, मॅगपाय नावाच्या पक्ष्यासारखा. हट्टीला खेचराची उपमा: ‘तेत्यु कॉम युन म्युल’. ए-वनला यातला एखादाच वापरा. पाठ केलेला वाक्प्रचार चुकीच्या जागी आला तर आधीची चार बरोबर वाक्यंही पाठ केलेली वाटतात.

तीव्रतेचे शब्द छोटे आहेत, पण बोलण्याचा सूर तेच ठरवतात. त्रे (फार), आसे (बऱ्यापैकी), प्ल्युतो (तसा), व्ह्रेमाँ (खरोखर), अँ पो (जरा), त्रो (अति). ‘अँ पो’ फक्त उण्या गुणांना लावतात: अँ पो तिमिद, अँ पो पारेसो. ‘अँ पो जाँती’ म्हटलं तर ‘जरासा प्रेमळ’ असं चमत्कारिक होतं. ‘त्रो’ म्हणजे ‘प्रमाणाबाहेर’. ‘त्रो जेनेरो’ म्हणजे उदारपणामुळे नुकसान करून घेणारा. तरुण मुलं ते ‘फार’ या अर्थी सर्रास वापरतात, पण परीक्षेत ‘त्रे’च. ऑफिसात सहकाऱ्याविषयी ‘ईल ए पारेसो’ म्हणणं कठोर आहे. ‘ईल ने पा त्रे त्राव्हायर’, फारसा कष्टाळू नाही, एवढ्याने फ्रेंच माणसाला सगळं समजतं. कौतुकही असं नकारातून होतं. ‘एल ने पा बेत’, शब्दशः ‘ती मूर्ख नाही’, म्हणजे चांगलीच हुशार आहे.

आता दोन वाक्यांत विषय संपतो त्यावरचा उपाय. प्रत्येक विशेषणामागे एक कृती सांगा. कष्टाळू? म्हणजे पाचला उठतात. उदार? म्हणजे शेजाऱ्यांना मदत करतात. कृतीची क्रियापदं ए-वनला तुम्हाला येतातच, आणि कृतीच्या वाक्यात लिंगाची भीती नसते. वडिलांविषयीची तुमची पाच वाक्यं अशी होतील:

मों पेर ए त्रे त्राव्हायर. ईल स लेव्ह आ सँ-कर. ईल ए अँ पो सेव्हेर, मे ईल ए ज्युस्त. ईल न पार्ल पा बोकू. से केल्कँ द जेनेरो: ईल एद तुजूर ले व्ह्वाझँ.

म्हणजे: वडील फार कष्टाळू आहेत. पाचला उठतात. जरा कडक आहेत, पण न्यायाने वागतात. फार बोलत नाहीत. उदार माणूस आहेत, शेजाऱ्यांना नेहमी मदत करतात. विशेषणं फक्त चार लागली. आता हेच आईविषयी करा. ‘मों पेर’चं ‘मा मेर’, ‘ईल’चं ‘एल’, ‘त्राव्हायर’चं ‘त्राव्हायोझ’, संपलं. सेव्हेर आणि ज्युस्त हात न लावण्यातले, आणि ‘जेनेरो’ पुल्लिंगीच राहिला कारण तो ‘केल्कँ द’च्या मागे आहे. ‘जेनेरोझ’ म्हणायचा मोह होईल, तो आवरा.

सरावाचं माप सांगते. दोन डझन विशेषणं निवडा: दहा न बदलणारी, दहा शेवटचं व्यंजन गळणारी, चार आडमुठी. ओळखीची आठ माणसं घ्या, चार पुरुष, चार बायका: घरचे, शेजारचे, पेठेतला दुकानदार, रोजच्या एसटीचे कंडक्टर. रोज दोन माणसं, प्रत्येकी तीन वाक्यं, मोठ्याने. आधी बाईचं वाक्य, मग तेच पुरुषाला. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त शेवटचा आवाज तपासा: ‘पास्याँत’चा त ऐकू आला का, ‘पास्याँ’ला चुकून लागला का. मराठी तोंडाला ‘पास्याँ’मध्ये मागे एक ‘न’ लावायची खोड असते, तीही तिथेच पकडता येते. एका बैठकीत दहा मिनिटांवर जाऊ नका, त्यानंतर कान बोथट होतो.

दुसऱ्या आठवड्यात गावातली प्रसिद्ध माणसं घ्या. साताऱ्याच्या बाजूला जोडी तयारच आहे: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे, आणि १८३१ मध्ये नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले. दोघांनाही ‘धाडसी’ हा शब्द बसतो, एकाला कुराजो, एकीला कुराजोझ. पण दोघं आज हयात नाहीत, म्हणून ‘ए’ चालणार नाही, ‘एते’ म्हणजे ‘होते/होत्या’ लागेल: ‘ईल एते कुराजो’, ‘एल एते कुराजोझ’. भूतकाळ अजून शिकवला नसेल तरी हा एक शब्द आत्ताच घेऊन ठेवा. आजोबांविषयी बोलायची वेळ येते तेव्हा तो नसल्याने पुष्कळ जण अडतात.

तोंडी परीक्षेतला एक सापळा राहिला. मराठीत ‘तुझी बहीण कशी आहे?’ याचे दोन अर्थ होतात, तब्येत आणि स्वभाव. फ्रेंचमध्ये प्रश्नच वेगळे आहेत. ‘कोमाँ व्हा-तेल?’ म्हणजे तब्येत. उत्तर ‘एल व्हा ब्यँ’. ‘कोमाँ ए-तेल?’ किंवा ‘एल ए कोमाँ?’ म्हणजे दिसायला-वागायला कशी. इथे ‘ब्यँ, मेर्सी’ म्हणून थांबलात तर परीक्षक वाट बघत बसतो. ‘व्हा’ ऐकू आलं की तब्येत, ‘ए’ ऐकू आलं की स्वभाव. नीट कळलं नाही तर ‘सों काराक्तेर?’ (तिचा स्वभाव?) एवढं विचारून खात्री करून घ्या, त्याने गुण जात नाहीत. मग सुरुवात ‘एल ए’ने करून हात न लावायच्या विशेषणांपैकी एक घ्या, आणि तेवढ्यात पुढच्या वाक्यातली कृती आठवा.